पालकाचे लोह आणि आपल्या रानभाज्या

दर पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या शेवळे, कुर्डू, टाकळा या रानभाज्यांवर लेख येतात. 'लोहाने समृद्ध' हे विशेषण ठरलेले. आधार मात्र गुलदस्त्यात. येथे पालकाचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो. दशांशचिन्ह चुकल्याने पालकातील लोह दसपट मानले गेले, असे टी. जे. हॅम्ब्लिन यांनी १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले. ती कथा जगभर उद्धृत झाली. २०१० साली माइक सटन यांनी शोध घेतला, तेव्हा तिला आधारच सापडला नाही. चूक दाखविणारा लेखही असा निराधार निघाला! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आज हाताशी आहेत. संपादकांनी ते उघडावेत. भाजी त्यांत नसेल, तर तसे छापावे. कुपोषणाशी झुंजणाऱ्या पाड्यांवर छापील शब्द आईच्या ताटापर्यंत पोचतो.