इद्वल सरोवराकाठीं दोनदां

उत्तर वेल्समध्यें ओग्वेन सरोवराच्या टोकापासून डोंगरांत चढत जाणारी पाऊलवाट मैलभरही लांब नाहीं. ती संपते तेथें काळ्या कड्यांच्या कुशींत, सुमारें १२०० फूट उंचीवर, इद्वल सरोवर एकाएकीं समोर येतें. आमच्या सह्याद्रीवर हिमनद्या वाहिल्या नाहींत, म्हणून या दृश्याची थोडी फोड करणें अवश्य आहे. हजारों वर्षांपूर्वीं येथें सांचलेलें बर्फ आपल्याच भारानें खालीं सरकलें. जातांना त्यानें डोंगराची कूस परातीसारखी कोरली, खडकांवर ओरखडे ओढले, आणि वितळतांना बरोबर आणलेल्या दगडगोट्यांचे बांध मागें टाकले. कोरलेल्या खळग्यांत पाणी सांचलें, तेंच हें सरोवर.

१८३१ च्या ऑगस्टांत केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे अध्यापक ॲडम सेज्विक हे बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला घेऊन येथें आले. जीवाश्म सांपडावेत म्हणून दोघांनीं तासच्या तास खडक तपासले. ओरखडे, बांध, विखुरलेल्या अजस्र शिळा, सारें उघड्यावर पडलें होतें. पण त्याचा अर्थ दोघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आला नाहीं! ही हकीकत खुद्द डार्विननेंच आत्मचरित्रांत नमूद केली आहे. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. हिमयुगाची कल्पना विलायतेंतील विद्वानांत तेव्हां रुजलीच नव्हती. लुई आगासीझनें ती न्यूशातेल येथील विद्वत्सभेपुढें मांडली १८३७ सालीं.

जून १८४२ मध्यें डार्विन पुन्हां वेल्सला गेला. प्रकृति ढासळत होती. डोंगर चढण्याची त्याची ही अखेरचीच मोठी खेप ठरली. या वेळीं मात्र तेच खडक बोलूं लागले, आणि येथील प्राचीन हिमनद्यांवर त्यानें त्याच वर्षीं निबंध छापला.

वर्गांत ही गोष्ट सांगतों तेव्हां विद्यार्थी येथेंच टाळ्या वाजवावयास तयार होतात. मला मात्र खरी गोष्ट पुढेंच आहे असें वाटतें. स्कॉटलंडांतील ग्लेन रॉय खोऱ्याच्या उतारांवर एकावर एक अशा तीन समांतर पायवाटा आंखल्यासारख्या दिसतात. त्या प्राचीन समुद्रकिनाऱ्याच्या खुणा होत, असें डार्विननें १८३९ सालीं प्रतिपादिलें होतें. बर्फानें तुंबलेल्या सरोवराच्या त्या खुणा, असें आगासीझचें म्हणणें. इद्वलला दृष्टि आल्यावरही डार्विननें ग्लेन रॉयचा आपला समुद्र आटूं दिला नाहीं. १८६१ सालीं जेमीसनच्या संशोधनानंतर त्यानें आपली चूक मोकळ्या मनानें कबूल केली. तोंवर इद्वलच्या दुसऱ्या भेटीस एकोणीस वर्षें लोटलीं होतीं.