राखेच्या तळ्याखालचं पाणी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, कंबरलँड नदीकाठी गॅलटिनचं औष्णिक वीजकेंद्र १९५०च्या दशकात उभं राहिलं. कोळशाची राख पाण्यात कालवून तळ्यांत सोडायची आणि ती तळाला बसली की वरचं पाणी नदीत, अशी तिथली रीत होती. १९७२च्या स्वच्छ जल कायद्यानं या पाण्याला परवाना सक्तीचा केला. पण परवान्याची नजर पाइपाच्या तोंडावर होती. तळ्यांना अस्तर नव्हतं आणि खाली चुनखडीचा भेगाळलेला, पोखरलेला खडक. त्यामुळे राखेतलं प्रदूषण भूजलातून नदीकडे झिरपत होतं. प्रवाहाच्या खालच्या अंगाला नॅशव्हिल शहर याच नदीचं पाणी पितं.

पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. २०१७मध्ये राख उपसण्याचा आदेश मिळाला. २०१८मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला. भूजलातून झिरपणारं प्रदूषण या कायद्यात बसत नाही, असं त्याचं म्हणणं. हा निकाल लोकांवर अन्यायच होता. तरी लढा थांबला नाही. २०१९च्या समझोत्यात राख काढायचं ठरलं.

कायद्याचा गुंता हवाईत सुटला. माउई बेटावर सांडपाणी विहिरींतून जमिनीत सोडत. ते कुठे जातं याचा माग काढायला २०११मध्ये त्यात रंग मिसळला. ८४ दिवसांनी तो किनाऱ्याजवळच्या समुद्रात उमटला. २०२०मध्ये याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं: भूजलातून होणारा विसर्ग थेट विसर्गाच्याच तोडीचा असेल, तर परवाना हवाच. ते ठरवताना पाण्यानं कापलेलं अंतर आणि लागलेला वेळ सर्वांत आधी पाहायचा.