शनिवार तेली, सरकारी पगार आणि टिळकांचा खटला

पॉडकास्टच्या या भागात आपण झारच्या रशियातल्या ज्यूंबद्दल बोललो. ठरावीक प्रांतांबाहेर राहायला बंदी, १९०३चं किशिनेवचं हत्याकांड, १८९७ पासून 'बुंद' संघटनेत एकवटलेले कामगार. तिथले कितीतरी तरुण क्रांतीकडे वळले, कारण ते साम्राज्य त्यांना माणसात धरतच नव्हतं. मग त्याच काळात घरी मराठी बोलणारे ज्यू काय करत होते?

कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', शेजाऱ्यांच्या छळाला कधी सामोरे गेले नाहीत. इंग्रजांनी त्यांना बॉम्बे आर्मीत घेतलं, पेन्शन दिली. पुढे सैन्यात जातवार कंपन्या करायचं धोरण आलं. एवढ्याशा समाजाची वेगळी कंपनी होणार कुठून? मुलं रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत कारकून झाली. पगार मात्र सरकारचाच राहिला. आमच्या कॅसल हिलला १८०४ मध्ये बंड करणाऱ्या आयरिश कैद्यांकडे गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं. इथे घरोघरी होतं.

तरीही १९१६ मध्ये टिळकांवर भाषणांवरून राजद्रोहाची कारवाई झाली, तेव्हा जिनांबरोबर त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डेव्हिड एरुलकर. बेने इस्रायल. त्यांचे भाऊ डॉ. अब्राहम एरुलकर पुढे गांधीजींचे डॉक्टर आणि स्नेही झाले.

१९१७च्या हिवाळ्यात भारतमंत्री माँटेग्यू सुधारणांची बोलणी करायला आले आणि जो तो समाज आपापल्या मागण्या मांडायला लागला. बेने इस्रायल परिषद भरली ती याच सुमाराला. तिचा सूर राजनिष्ठ. एरुलकर आणि मंडळींनी ऑल इंडिया इस्रायलाइट लीग वेगळी काढली, ती काँग्रेसकडे झुकलेली. याला 'राजनिष्ठ विरुद्ध देशभक्त' म्हणणं मला पटत नाही. प्रश्न दोघांचा एकच होता: इंग्रज गेल्यावर आपल्या मूठभर लोकांना सांभाळणार कोण? परिषदेला सरकारचा भरवसा वाटला, लीगला शेजाऱ्यांचा. (गंमत म्हणजे माँटेग्यू स्वतः ज्यू. त्याच वर्षीच्या बाल्फोर जाहीरनाम्याला त्यांनी मंत्रिमंडळात विरोध केला होता. ज्यूंना वेगळं राष्ट्र मिळालं तर आपल्याला इंग्रज कोण म्हणेल, ही त्यांची भीती.)

लीगचा अंदाज मुंबईत तरी चुकला नाही. १९३७ मध्ये शहराने डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर या बेने इस्रायल डॉक्टरांना महापौर केलं. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना लागतो तो डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा.