झावळ्यांच्या थिएटरात ‘चेम्मीन’

चपला हातात घ्या, आत सगळी वाळूच आहे. तुम्ही अलप्पुळाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात आहात. 1965 सालचा ‘चेम्मीन’ फिरत फिरत आत्ता कुठे इथल्या कोट्टकेत, म्हणजे झावळ्यांच्या थिएटरात, लागलाय. माडावर बांधलेल्या कर्ण्यातून दुपारपासून मन्ना डे मल्याळममध्ये गातायत. चाकरा नुकतीच सरलीय. ऐन पावसाळ्यात किनाऱ्यालगत गाळ साचून समुद्र निवतो, मासळी लोटते, तीच ही चाकरा. कनवटीला पैसे आहेत, म्हणून पाय ठेवायला जागा नाही.

खुर्चीचं तिकीट काढू नका. पुढे जमिनीवरच बसा. घामेजला खांदा तुम्हाला खेटतो, शेंगदाण्याची पुडी पुढे येते, विडीचा धूर, खोबरेल आणि सुक्या मासळीचा वास नाकात बसतो. पडद्यावर समुद्र उसळतो, तोही रंगीत! झावळ्यांच्या कुडापलीकडची गाज कुठली आणि सिनेमातली कुठली, सांगता येत नाही.

सिनेमातला कोळी चेंबनकुंजू होडी-जाळ्यासाठी व्यापारी परीकुट्टीकडून पैसे घेतो आणि मासळी द्यायची वेळ आली की हात वर करतो. गर्दी खवळते. असंच कर्ज डोक्यावर असलेली माणसं तुमच्या दोन्ही बाजूंना बसलीयत!

रीळ बदलायला दिवे लागले की बायकांच्या बाजूला बघा. सिनेमात चेंबनकुंजूची मुलगी करुतम्मा आणि मुसलमान परीकुट्टी यांचं प्रेम, मग तिचं पळनी या कोळ्याशी लग्न. नवरा समुद्रात असताना बायकोचं पाऊल घसरलं, तर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते, असा कोळ्यांचा समज. तकळींनी हे कादंबरीत लिहिलं, रामू कारियाटांनी पडद्यावर आणलं. या बायका मात्र हा धाक मासळीच्या पाटीसकट रोज बाजारात नेतात. गावात कुजबुज झाली म्हणून पळनीला कुणी होडीत घेईना, तेव्हा त्यांच्यातली एकही डोळे पुसत नाही. सगळ्या संतापलेल्या आहेत. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालंय, पण मला या संतापाचं मोल जास्त वाटतं.

शेवटी भोवरा पळनीला ओढून नेतो. बाहेर टपरीवर काळ्या चहाबरोबर भांडण पेटतं. एक म्हातारा म्हणतो, कडलम्मानं न्याय केला. पाटीवाली कडाडते, “चेट्टा, भोवरा समुद्राचा आणि बोल तेवढा पोरीला?” चहावाला ग्लास तुमच्या हातात देत विचारतो, तुमचं काय मत? बोला लवकर, इथे पाहुण्यालाही गप्प बसू देत नाहीत.