वणव्यानंतर जगतं ते मूळ

रोह्याजवळच्या वरसे गावाच्या आसपास मार्च-एप्रिलमध्ये रात्री डोंगराकडे बघितलं, तर कधीकधी एक लाल रेघ हळूहळू सरकताना दिसते. वणवा! सकाळी सगळं काळंठिक्कर. आणि जूनमध्ये पाऊस पडला की त्याच राखेतून सागाचे कोंब वर येतात. हे कसं काय? या प्रश्नाने साहेबालाही बरीच वर्षं छळलंय.

१८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. आपला रायगड तेव्हा कुलाबा. इथले कातकरी, ठाकूर डोंगरउतारावरची झाडं-फांद्या तोडून जाळायचे आणि राखेत नाचणी-वरी पेरायचे. ही दळीची शेती. साहेबाच्या लेखी मात्र आग म्हणजे जंगलाचा शत्रू. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हाच ठरवलं.

आता गंमत बघा. ब्रह्मदेशात सागाची जंगलं आगीपासून वाचवली, तर तिथे सागाची नवी रोपंच दिसेनात. बांबू आणि झुडपांच्या सावलीत ती गुदमरत होती. १८९६ साली स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने हे उघडपणे लिहिलं. त्यावर बरीच वर्षं वाद झाला, आणि शेवटी तिथली वणवाबंदी सैल करावी लागली.

कारण सागाचं रोप मोठं हुशार. वणव्यात वरचा दांडा जळतो, पण मूळ जमिनीखाली सुरक्षित. दर पावसाळ्यात नवा कोंब, दर उन्हाळ्यात राख, आणि मूळ मात्र गाजरासारखं जाड होत जातं. आमच्या भाषेत, बॅकअप जमिनीखाली! पुरेसा साठा झाला की एखाद्या वर्षी कोंब असा सुसाट वाढतो, की पुढच्या आगीच्या ज्वाळा शेंड्यापर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेतला लाँगलीफ पाइनही हेच करतो. काही वर्षं तो नुसता गवताच्या झुबक्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यात खाली मूळ तयार होतं.

विसाव्या शतकात नर्सऱ्यांनी हीच युक्ती उचलली. वर्षभराचं रोप उपटायचं, दांडा बोटभर ठेवून छाटायचा, मूळ वीतभर ठेवायचं आणि पावसाच्या सुरुवातीला पहारीने भोक पाडून लावायचं. हीच सागाची जडी. वणवा जे करतो, ते इथे कोयत्याने केलं.

म्हणून वणवा चांगला, असं अजिबात नाही हं. सागाला जमतं ते प्रत्येक झाडाला जमत नाही. दरवर्षी आग लागली तर बाकीची झाडं हळूहळू नाहीशी होतात. आणि पिशवीतून काढून जुलैत लावलेल्या रोपाकडे मार्चपर्यंत असं जाडजूड मूळ कुठून येणार?

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायचं सरकारी लक्ष्य होतं. लावल्याचा आकडा लगेच मिळतो. खरी मोजणी व्हायला हवी ती दोन-तीन उन्हाळ्यांनंतर. तोवर रोपांभोवतीचं गवत काढायला आणि जाळरेषा राखायला माणसं लागतात. जाळरेषा म्हणजे काय, तर वणव्याआधीच मुद्दाम गवत जाळून मोकळा केलेला पट्टा. म्हणजे आग कधी आणि किती लावायची, हे ठाऊक असलेली माणसं हवीत. दळी करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. कायद्याने त्यांना नुसतं गुन्हेगार ठरवलं, विचारलं काहीच नाही.