जिवाची घालमेल आणि ‘अपसेट’

भगिनींनो, आपल्या महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्याच आज्ञेवरून रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. पण तो दरबाराचा कोश. मनाच्या कारभाराला त्याने हात लावला नाही. ‘फिकीर’, ‘हैराण’, ‘नाराज’ हे शब्द आपल्या माजघरात राहिले ते राहिलेच. आज त्यांना परके कोण म्हणेल?

पुढे इंग्रजी आली. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, तो साहेबलोकांना मराठी कळावी म्हणून. आता पोलादपूरच्या एस.टी.तही मुली ‘नर्व्हस’, ‘अपसेट’, ‘डिप्रेस्ड’ म्हणताना ऐकू येतात. त्याबद्दल नाक मुरडावे असे मला वाटत नाही. कोणाची नजर वा स्पर्श नकोसा झाला, तर आमच्या लहानपणी आम्ही ‘कसेतरीच वाटते’ एवढेच म्हणत असू. अपचनालाही तेच शब्द; त्यामुळे आई हातावर ओवा ठेवून मोकळी होई! आजची मुलगी ‘मला अनकम्फर्टेबल वाटले’ असे म्हणते आणि घरचे कान टवकारतात. हा लाभच होय.

परंतु एक तोटाही आहे. मराठीत अस्वस्थता कोठे आणि कशी होते ते बोलण्यातच येते. पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, जीव कासावीस होतो. परीक्षेच्या निकालाआधीची धाकधूक, लेक सासरी गेल्यावरची हुरहूर, राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख, या तिन्हींना ‘अपसेट’ म्हटले तर ऐकणारीने धीर द्यावा, सोबत बसावे, की समजूत घालावी?

जुलै २०२१ मध्ये महाडात पुराचे पाणी शिरले, तळियेवर दरड कोसळली. तेव्हापासून पाऊस लागला की एखादी आजी म्हणते, “जीव थाऱ्यावर राहत नाही.” हे नातीला कळले नाही, तर आजी रात्रभर एकटीच जागी राहील. तसेच नातीचे ‘डिप्रेस्ड’ आजीला उमगले नाही, तर तिचे दुखणे कोंडलेलेच राहील.

म्हणून एक विनंती. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातील वडीलधारीचा एक व लेकी-सुनेचा एक असे दोन शब्द आणावेत, आणि त्यांचा अर्थ त्यांनाच विचारून यावे.