निहलानी, गोविंद

(१९४०– ). हिंदी व मराठी चित्रपटांचे आणि दूरदर्शनवरील 'तमस'चे दिग्दर्शक, छायाचित्रकार. जन्म कराचीत, सिंधी कुटुंबात. १९४७ च्या फाळणीत कुटुंब घरदार सोडून उदयपूरला आले, तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. बंगलोरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९६२ मध्ये छायाचित्रणाचे शिक्षण पुरे केले आणि पुढे गुरुदत्तांचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली उमेदवारी केली.

सत्यदेव दुबे यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) या मराठी चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचेच. त्यानंतर 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' हे श्याम बेनेगलांचे चित्रपट त्यांनी टिपले. 'जुनून'च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दिग्दर्शक म्हणून त्यांची जडणघडण मराठी लेखकांच्या संगतीत झाली, हे ठळकपणे नोंदवायला हवे. पहिल्याच 'आक्रोश'ची (१९८०) पटकथा विजय तेंडुलकरांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) वकिलापुढे तोंडच उघडत नाही. बापाच्या अंत्यविधीला त्याला बेड्या घालून आणतात. तिथे तो कुऱ्हाड उचलून सख्ख्या बहिणीलाच मारतो, कारण पत्नीच्या वाट्याला जे आले तेच तिच्याही वाट्याला येणार हे त्याला कळलेले असते. मग तो आभाळाकडे तोंड करून ओरडतो. चित्रपटभर कोंडलेला आवाज तेव्हा फुटतो. या चित्रपटाला १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला.

'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेचे. फौजदार अनंत वेलणकरच्या भूमिकेसाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि त्यातल्याच रामा शेट्टीच्या भूमिकेमुळे मराठी रंगभूमीवरचे सदाशिव अमरापूरकर हिंदी प्रेक्षकांच्या घराघरांत पोचले. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरील 'पार्टी'त (१९८४) विजया मेहता प्रमुख भूमिकेत होत्या.

सातव्या वर्षी फाळणीत जे भोगले, ते पडद्यावर यायला चाळीस वर्षे लागली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील 'तमस' १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रसारित झाले. अंधाऱ्या कोठडीत नत्थू चांभार एका डुकराला मारायला झटतो आहे. घाम, धाप, ठेचकाळणे. दुसऱ्या दिवशी तेच कलेवर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि गाव पेटते. दंगल कोण पेटवतो आणि तिच्यात कोण जळतो, हे इतक्या थेटपणे आपल्या छोट्या पडद्यावर त्याआधी आले नव्हते. प्रक्षेपण रोखण्यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहून प्रक्षेपणास मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. मालिकेच्या छायाचित्रणात निहलानींचे गुरू व्ही. के. मूर्ती त्यांच्या जोडीला होते.

नंतरच्या चित्रपटांत 'द्रोहकाल' (१९९४) व महाश्वेतादेवींच्या कादंबरीवरील 'हजार चौरासी की माँ' (१९९८) महत्त्वाचे. २००२ मध्ये पद्मश्री. मराठी चित्रपटाचे दिग्दर्शन मात्र त्यांनी बऱ्याच उशिरा केले: मंजुळा पद्मनाभन यांच्या नाटकावरील 'ती आणि इतर' (२०१७). शेजारून रोज रात्री एका बाईच्या किंकाळ्या येतात, आणि सुशिक्षित मंडळी दिवाणखान्यात बसून काय करावे याची चर्चा करत राहतात.